दट्टापेटी
बालशाळेतील लाकडी शैक्षणिक साधन. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह काढले. त्यांच्या पद्धतीतले हे एक मूळ साधन. संचात चार लांबट ठोकळे. प्रत्येकात दहा गोल खाचा आणि त्यांत नेमके बसणारे, वर मूठ असलेले दहा दट्टे. कुठे जाडी बदलते, कुठे उंची, कुठे दोन्ही. मूल ही मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरते; ही पकड पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. बारीक दट्टा रुंद खाचेत गेला की डुगडुगतो आणि शेवटी एक जाडा दट्टा हातात उरतो. मूल थबकते, सगळे काढून पुन्हा लावू लागते. चूक साधनच दाखवते. अशा वेळी बाईंनी मध्ये पडू नये हेच उत्तम. महाराष्ट्रात माँटेसरी पद्धत रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे वापरले.