वाद सरल्यावर

देव स्वतःहून भेटतो, हे जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. शेजारी शेंदुर्णीला त्रिविक्रम, तापीकाठी मुक्ताई. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, हे कीर्तनात ऐकतच तो मोठा होतो. ख्रिस्ती श्रद्धेचं मूळही असंच वरचं आहे. शिष्य पेत्राने येशूला ख्रिस्त म्हणून ओळखलं, तेव्हा ही ओळख तुला माणसाने नव्हे, पित्याने दिली, असं येशूने सांगितल्याचं मत्तय आपल्या शुभवर्तमानात नोंदवतो.

मराठी शास्त्री-पंडितांपुढे मात्र हा धर्म आधी वादाच्या अंगाने आला. १८३०च्या दशकात मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांच्यात खंडनमंडन झडलं. बनारसला वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे मिशनऱ्यांना खोडून काढायला निघाले आणि १८४८मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे, हे त्यांनी शास्त्र्याच्या काटेकोरपणाने मांडलं. त्यांच्याच लेखनाने पंडिता रमाबाईंची बुद्धी जिंकली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. आठेक वर्षांनी रमाबाईंना कळून चुकलं, की आपल्या हाती धर्म लागला, ख्रिस्त लागला नाही. त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन वाचलं. प्रवचन देता देता स्वतःच पालटून गेलेला हा माणूस. १९०७च्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हे सारं निर्भयपणे लिहिलं. इतक्या विद्वान बाईने विद्येची हद्द अशी दाखवून द्यावी, हे मला त्यांच्या कुठल्याही पदवीहून मोठं वाटतं.

म्हणून गोऱ्यांचं लेखन वाया गेलं, असं नाही. त्याने दारापर्यंत आणलं. दार आतून उघडलं. अंतरीच्या अनुभवात माणूस स्वतःला फसवू शकतो, ही शंका रास्तच आहे. पण रमाबाईंचा अनुभव कामात उतरला. त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली जगल्या, १९०५च्या जूनमध्ये तिथे प्रार्थनेची मोठी जागृती झाली, आणि बाई १९२२मध्ये मरेपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत राहिल्या.

कवी ना. वा. टिळकांची वाट वेगळी. १८९३मध्ये रेल्वेत एका परक्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. देवच प्रकट होतो म्हटल्यावर त्याला मिशनच्या दप्तरात कोंडता येत नाही, हा विचार त्यांनी शेवटपर्यंत नेला. १९१७मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.