सोबतीला येणारी माणसे

इतिहास म्हटला की आमच्या भोर-वेल्ह्याच्या माणसाची मान आपोआप ताठ होते. राजगड, तोरणा, रोहिडा ही नावे घेतली की पुढे काही बोलावेच लागत नाही. (वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचे, पण माझ्या तोंडी जुनेच नाव बसले आहे.) कारीच्या जेध्यांवर, बाजी पासलकरांवर, येसाजी कंकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते ‘सोबत’ या एवढ्याशा शब्दाच्या इतिहासाविषयी. बखरकारांनी त्याची दखल घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

“रात्री सोबतीला कोण असते?” एकट्या म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो हाच. सोबतीला येणारी बाई नात्यातलीच असते असे नाही. बहुधा ती चार घरे पलीकडची आणि वयानेही तेवढीच. दिवेलागणीनंतर कांबळे काखेला मारून यायचे, देवळातल्या नि शेतातल्या चार गोष्टी करायच्या, अपरात्री खोकला ऐकू आला तर पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि उजाडताच आपल्या घरी जायचे. मोबदला म्हणाल तर सकाळचा घोटभर चहा.

म्हातारी माणसे एकटी पडू लागली ती काही काल-परवा नव्हे. वेळवंडीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडच्या उसाला गेले. वरच्या खोऱ्यातली भातखाचरे मात्र पाण्याखाली गेली. त्या जलाशयाला आज येसाजी कंकांचे नाव आहे. ज्या खोऱ्याने हा वीर दिला, त्याच खोऱ्यातल्या जमिनी बुडवणाऱ्या पाण्याला त्याचे नाव! पुढे वेल्ह्याकडे आंबी नदीवर पानशेत झाले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुणे बुडाले, हे साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. धरणाच्या पोटात आधीच गेलेल्या गावांची आठवण तितकी कोणी काढत नाही. मधल्या काळात, १९४८ साली, पंतसचिवांचे संस्थान विलीन झाले आणि दरबारच्या नोकऱ्याही सरल्या. तरण्या माणसाला मुंबई उरली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बाजारात ओझी वाहायला. घरी मनीऑर्डर यायची आणि माणूस शिमग्याला यायचा.

तेव्हा मागे राहिलेल्यांना मागे राहिलेल्यांनीच सांभाळले. पण त्या जुन्या सोबतीचे गोडवे गाताना माझी लेखणी अडखळते. वाड्यांतून सोबतीला जाणाऱ्यांत लाल आलवणातल्या विधवा किती असत! त्यांना ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. कोणाच्या तरी ओसरीवर पडून राहायचे तर कोणाचे तरी पाय चेपणे आलेच. आणि वाड्यातली सोबत गावकुसाबाहेरच्या घरी कधी गेली नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांना तीही सोबत नव्हती त्यांच्यासाठी पुण्यात १८६३ साली डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ पंगू गृह निघाले. आज त्याला ‘निवारा’ म्हणतात. थोर काम. तरी तिथे जायचे म्हणजे आपला उंबरा सोडायचा. उंबरा न सोडता म्हाताऱ्याने म्हाताऱ्याला सांभाळायचे, ही कल्पना अमेरिकेत सरकारी योजना होऊन १९७४ साली सुरू झाली. साठी ओलांडलेली माणसे थकलेल्या समवयस्कांच्या घरी जाऊन बसू लागली. २००३ पासून कोरियाच्या मदतीने आग्नेय आशियातही तसे प्रयोग झाले. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघांचा महाराष्ट्राचा महासंघ १९८० सालचा. आमच्या खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनीने बायकांचे बचत गट उभे केले. तेव्हा पस्तिशीत असलेल्या बाया आता साठीपलीकडे गेल्या आहेत. दर महिन्याला जमायची आणि जी आली नाही तिच्या दारात जाऊन चौकशी करायची सवय त्यांच्या अंगी मुरलेली आहे. माझ्या मते ही सवय म्हणजे मोठे भांडवल आहे.

आता जी बाई सोबतीला जाते ती स्वतःचे घर असलेली, आपखुशीने जाणारी. जुन्या नि नव्या सोबतीत मला सर्वांत मोठा फरक वाटतो तो हा. कामेही बदलली आहेत. गोळ्यांची पाकिटे तपासायची, मुलाला फोन लावून द्यायचा, पेन्शनच्या दिवशी बँकेत बरोबर जायचे. कारण भात लावून झिजलेला अंगठा तिथल्या यंत्रावर उमटत नाही आणि एकटी म्हातारी हात हलवीत परत येते. पंचाहत्तरी पुरी झालेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, तेव्हा शेजारच्या गावची मैत्रीणही आता फार लांब राहिलेली नाही. ही एवढी ये-जा असली की मुलगाही, “आई, आता मुंबईला चल,” हा हट्ट जरा सैल करतो.

पुरुषांचे मात्र अवघड आहे. बाई नुसती येऊन बसू शकते. पुरुषाला यायला कारण लागते. पार ओस पडले, चावडीवर बसणारे उरले नाहीत. एकादशीचे भजन तेवढे शिल्लक आहे, पण ज्याला उठवत नाही तो भजनाला येणार कसा? आम्ही तिघे-चौघे निवृत्त मंडळी म्हणून वर्तमानपत्राचे निमित्त काढून जातो. माझ्या वाट्याला आलेले आबा मशीद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात ओझी वाहत. माथाडी कायदा आला १९६९ साली. त्याच्या आधीचे दिवसही त्यांनी पाठीवर काढले आहेत. आता स्वतःचा देह त्यांना उचलत नाही. अग्रलेख वाचू लागलो की ते हाताने थांबवतात.

“मास्तर, ते राहू द्या. कांदा काय म्हणतो?”

मी भाव वाचतो. ते डोळे मिटून मनाशी गोणीचा हिशेब करतात आणि हमाली किती बसेल ते सांगतात. मग मी दार नुसते लोटून निघतो. कडी लावायची नसते. संध्याकाळी पलीकडचे अण्णा यायचे असतात.