रूढीचा पुरावा कोणी द्यायचा?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील कलम २(२) अनुसूचित जमातींना त्या कायद्याबाहेर ठेवते. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच तो त्यांना लागू होतो. म्हणजे आदिवासींचे लग्न आणि काडीमोड त्यांच्या रूढीप्रमाणे. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण रूढी कोणती, हे ठरवणार कोण?

हा प्रश्न जुना आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने आधी देशरिवाज आणि तो नसेल तर प्रतिवादीचा कायदा, असा क्रम लावला होता. त्याच वर्षी आर्थर स्टीलचे दख्खनमधील जातींच्या रूढींवरचे पुस्तक निघाले. त्यात पाट आहे, सोडचिठ्ठी आहे. पण माहिती दिली ती शास्त्र्यांनी आणि जातप्रमुखांनी. पाट लावणाऱ्या बाईला कोणी विचारले?

१८६४ साली गुजरातमधील तळपदा कोळी समाजातल्या एका स्त्रीचा खटला मुंबई हायकोर्टापुढे आला. नवरा हयात असताना, त्याच्या संमतीवाचून, तिने रूढीप्रमाणे नातरे केले होते. कोर्टाने रूढी झिडकारली; ती गुन्हेगार ठरली. १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने सिद्ध झालेली रूढी शास्त्रवचनापेक्षा श्रेष्ठ मानली. तरी १८७६ साली मुंबई हायकोर्टाने सांगितले की, लग्न रद्द करण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. कष्टकरी बाईची मोकळीक वरच्या वर्णाच्या नीतीने मोजली गेली, ती अशी.

शूद्र समाजात काडीमोडाची रूढी आधीपासूनच आहे, याकडे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या चर्चेत लक्ष वेधले होते. १९५५ च्या कायद्यातील कलम २९(२) ने हिंदूंमधील रूढीचा घटस्फोट अखेर राखला. आदिवासी बाई मात्र बाहेरच राहिली.

२००१ साली एका उराँव स्त्रीने आपल्या संथाळ नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दोघेही हिंदू धर्म मानणारे. तरी न्यायालय म्हणाले, जमातीला हिंदू विवाह कायदा लागू नाही. आणि दुसरे लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी तिने दाखवलेली नाही. तिची तक्रार टिकली नाही. १८६४ ची बाई रूढी अमान्य झाली म्हणून हरली. २००१ ची रूढी सिद्ध झाली नाही म्हणून. दोन्ही वेळा भार बाईवरच.

२०२५ साली गोंड स्त्रीच्या वारसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार उलटवला. स्त्रीला वारसा न देणारी रूढी गृहीत धरता येणार नाही. जो ती सांगतो त्याने ती सिद्ध करावी. हा निकाल वारशाचा आहे, लग्नाचा नाही. पण दिशा हीच हवी.

१९९६ च्या पेसा कायद्याने रूढी जपण्याचे काम ग्रामसभेकडे दिले आहे. तिथे रूढी नोंदवायची असेल, तर काडीमोड घेतलेली आणि टाकलेली बाई आधी बोलली पाहिजे. नाहीतर स्टीलच्याच वहीत आपण आणखी एक पान घालू.