साठ ओहमची कुळकथा

मोटारीतील इंजिन, ब्रेक, एअरबॅग आणि डॅशबोर्डवरील मीटर यांचे वेगवेगळे संगणक एकमेकांशी बोलेनासे झाले, की जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन बॅटरीचे टर्मिनल सोडवतो आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये, सहाव्या व चौदाव्या पिनेवर मल्टिमीटर लावून तेथे ६० ओहम रोध मिळतो का, हे पाहतो. हा आकडा गॅरेजात जन्मलेला नाही. त्याचे मूळ जर्मनीतील बॉश कंपनीच्या १९८०च्या दशकातील संशोधनात आहे, आणि तो रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी पोचला तो प्रदूषणाच्या कायद्यांचे बोट धरून.

त्या काळात गाडीत एकेक इलेक्ट्रॉनिक पेटी, म्हणजे असा संगणक, वाढत होती आणि प्रत्येक पेटीतून दुसरीकडे जाणारी प्रत्येक माहिती स्वतंत्र तारेने न्यावी लागत असल्याने वायरिंगचे भेंडोळे जाड व महाग होत चालले होते. त्यावर बॉशमध्ये १९८३ साली काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत उवे किएन्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅन’ ही पद्धत मांडली. या पद्धतीत सर्व पेट्या पीळ दिलेल्या तारांच्या एकाच जोडीवर असतात. तारा स्वस्थ असताना दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. संदेश जाताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते, आणि ऐकणारी पेटी केवळ दोहोंतील फरक मोजते. इग्निशनचा किंवा अल्टरनेटरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होत असल्याने तो या फरकात उरत नाही.

साठचा जन्म याच तारांच्या स्वभावात आहे. संदेश तारेच्या टोकाला पोचला आणि तेथे त्याला शोषून घेणारे काही नसले, तर तो उलटा फिरतो व मागून येणाऱ्या संदेशात मिसळून त्याला बिघडवतो. सेकंदाला पाच लाख बिटांच्या वेगात एका बिटाला दोन मायक्रोसेकंदच मिळत असल्याने एवढा गोंधळ पुरेसा ठरतो. म्हणून जोडीच्या दोन्ही टोकांना, तिच्या अंगच्या रोधाशी जुळणारा, १२० ओहमचा एकेक रोधक बसवला जातो, आणि समांतर जोडलेले हे दोन रोधक मीटरवर ६० दिसतात.

या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना मात्र चुकांच्या हिशोबाची आहे. प्रत्येक पेटी स्वतःच्या फसलेल्या संदेशांची मोजणी ठेवते. संदेश पाठवताना चूक झाली की खात्यात आठ वाढतात, संदेश सुखरूप गेला की एक कमी होतो, आणि बेरीज २५५ च्या पुढे गेली की ती पेटी आपण होऊन तारांवरून बाजूला होते, जेणेकरून तिच्यामुळे इतरांचे बोलणे अडू नये. बिघाड शोधणाऱ्याला पुष्कळदा भेटते ते हे ठरवून धरलेले मौन.

हे मौन नोंदवण्याची सक्ती कायद्यातून आली. प्रदूषण आटोक्यात राहावे म्हणून गाडीने आपला दोष स्वतः ओळखावा हा नियम कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून लागू केला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना समान सॉकेट आणि समान दोषसंकेत आले, त्यांत ‘यू’ने सुरू होणारे संकेत संवादाच्या दोषांसाठी राखले गेले. भारतात ही शिस्त प्रदूषणाच्या निकषांतून आली: भारत स्टेज ४ चे निकष २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांत आले, १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून त्यांची जागा भारत स्टेज ६ ने घेतली.

रत्नागिरीत या तारांना वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाला आणि बारमाही खाऱ्या वाऱ्याला तोंड द्यावे लागते. कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोबणीत, ओल शिरली की तांब्यावर हिरवट कीट चढते. मासळीच्या गाडीत बर्फाचे खारे पाणी तेच काम आतून करते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने जिल्ह्यातील चिपळूण बुडाले तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांत सीटखालच्या व डॅशबोर्डमागच्या पेट्यांनाही पाण्याने गाठले, आणि असा दोष गाडी वरून सुकल्यावर काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो.

येथे दोषसंकेत वाचणाऱ्या स्कॅनरचे म्हणणे नीट समजून घ्यावे लागते. ‘यू ०१००’ या संकेताचा अर्थ इंजिनाच्या पेटीशी, म्हणजे ईसीएमशी, संपर्क तुटला एवढाच असून तो संकेत तक्रार करणाऱ्या दुसऱ्या पेटीत नोंदलेला असतो. त्यावरून ईसीएमच खराब ठरवून बदलणे ही ग्राहकाच्या खिशाला फार महाग पडणारी घाई आहे. मीटरवर १२० आले तर एका टोकाचा रोधक किंवा तेथवरची तार तुटलेली असते, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि तेव्हा एकेक कपलर काढत आकडा कोणत्या क्षणी सुधारतो हे पाहिले जाते. पण ६० आले म्हणून सर्व काही ठीक असे होत नाही: मधल्याच एखाद्या पेटीची फांदी तुटली असेल, किंवा एक तार बॉडीला टेकली असेल, तरी आकडा साठच राहू शकतो. शिवाय काही गाड्यांत सॉकेट आणि आतील तारांच्या मध्ये गेटवे नावाची पेटी असते, त्यामुळे मीटर तिच्यापलीकडचे काहीच दाखवत नाही.

गप्प पेटीचा वीजपुरवठा आणि अर्थिंग तपासणे म्हणूनच आधी येते, आणि या कामाला संगणकपूर्व काळातील टेस्ट लॅम्प अजूनही उपयोगी पडतो. कीट चढलेल्या अर्थच्या तारेत पाच ओहमचा अडथळा असला, तरी जवळजवळ प्रवाह न घेणारे मल्टिमीटर तेथे पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. तेच ईसीएमचा कपलर काढून त्याच्या पुरवठ्याच्या व अर्थच्या पिनांमध्ये २१ वॅटचा बल्ब लावला, तर त्याला पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागत असल्याने तो मंद पेटतो आणि दोष उघड होतो. मात्र हा बल्ब संदेशाच्या तारांना लावायचा नसतो. त्यांच्यासाठी मीटर आणि शक्य असेल तेथे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप वापरतात.