तापल्यावर आकसणारी नळी : एका पांढऱ्या मेणाचा इतिहास

१/ बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. लोहार धाव आगीत लालबुंद करतो. ती प्रसरण पावते, चाकावर सहज बसते आणि पाणी ओतताच आकसून लाकूड घट्ट आवळते. तापले की फुगावे, निवले की आकसावे, हा धातूचा स्वभाव. आजचा धागा याच्या नेमक्या उलट वागणाऱ्या वस्तूविषयी आहे.

२/ इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात ‘हीट श्रिंक स्लीव्ह’ मागितली, तर काळी, तांबडी किंवा पिवळी पातळ नळी मिळते. तारांच्या जोडावर ती सरकवून गरम हवा दिली की ती निम्म्याहून कमी व्यासाची होते आणि जोडाला कातडीसारखी चिकटते. हीच कल्पना मोठ्या रूपात तेल, वायू आणि पाणी वाहणाऱ्या पोलादी वाहिन्यांच्या जोडांवरही वापरली जाते. उष्णतेने आकसणारे हे प्लास्टिक आले कोठून?

३/ सुरुवात करावी लागते तारेच्या आवरणापासून. १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी याने हुगळीच्या पाण्याखालून विजेचा संदेश पाठवण्याचा प्रयोग केला, तेव्हा तारेला डांबर, चिरलेला वेत आणि डांबरात भिजवलेले सूत यांचे वेष्टण दिले होते. वीज वाहून नेणे सोपे होते. तिला पाण्यापासून वेगळे ठेवणे हाच खरा प्रश्न होता.

४/ उत्तर मलायाच्या जंगलात मिळाले. तेथील एका वृक्षाचा चीक गरम पाण्यात मऊ होई आणि थंड होताच कडक. त्याचे नाव गटापर्चा. स्थानिक लोक त्याच्या मुठी आणि हत्यारांचे दांडे बनवत. सिंगापूरमधील शल्यचिकित्सक विल्यम माँटगोमेरी याने १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला धाडले. १८५१ ची डोव्हर-कॅले तार आणि १८६६ ची अटलांटिक तार याच आवरणाच्या बळावर समुद्रतळाशी टिकल्या.

५/ मुंबईचा संबंध येथे येतो. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज मुंबईहून एडनकडे तार टाकीत निघाले आणि त्याच वर्षी मुंबई-लंडन संदेशमार्ग समुद्रातून जोडला गेला. त्या तारेच्या तांब्याभोवतीही गटापर्चाच होता. मुंबईतील कापसाचा भाव लंडनला कळवणारी वीज मलायातील झाडांच्या चिकातून सुरक्षित जात होती.

६/ त्याची किंमत मात्र त्या झाडांनी चुकवली. रबराच्या झाडाप्रमाणे खाच पाडून पुरेसा चीक मिळेना, म्हणून पूर्ण वाढलेली झाडे तोडूनच तो काढला जाई. समुद्री तारांचे जाळे जसजसे वाढले, तसतशी जंगले उजाड झाली. साम्राज्याचा संदेश वेगवान झाला, तो ज्यांच्या रानाच्या जिवावर, त्यांचे नाव कोणत्याही तारेवर कोरलेले नाही.

७/ आता १९३३. इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे एथिलीन वायू व बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापवीत होते. अपेक्षित अभिक्रिया झालीच नाही. मार्चअखेरीस भांडे उघडले, तेव्हा आत पांढऱ्या, मेणासारख्या पदार्थाचा अल्पसा थर दिसला. तोच पॉलिथिन. प्रयोग पुन्हा केला, तर कधी स्फोट होई, कधी काहीच हाती लागत नसे.

८/ रहस्य उलगडले डिसेंबर १९३५ मध्ये. मायकेल पेरिन आणि त्यांचे सहकारी प्रयोग करीत असताना उपकरणाला गळती लागली, म्हणून नवीन एथिलीन आत सोडावे लागले. त्यात योगायोगाने किंचित प्राणवायू होता आणि त्यानेच साखळी-अभिक्रिया सुरू केली. हाती आले सुमारे ८ ग्रॅम पांढरे चूर्ण. म्हणजे आज ज्याच्या पिशव्यांनी आपले नाले तुंबतात, त्या पदार्थाच्या जन्माला एक गळका सांधा कारणीभूत होता!

९/ पॉलिथिनच्या कारखान्यात व्यापारी उत्पादन सुरू झाले १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले त्याच दिवशी. उच्च वारंवारतेच्या विजेसाठी इतके उत्तम विद्युतरोधक दुसरे नव्हते. गटापर्चाची जागा त्याने घेतली आणि विमानात मावेल असे हलके रडार त्याच्या केबलींमुळे शक्य झाले. युद्धकाळात हा पदार्थ सामान्य माणसाच्या हाती जवळजवळ आलाच नाही.

१०/ पण पॉलिथिनमध्ये एक उणीव होती. सुमारे ११० अंश सेल्सिअसला ते वितळते. तार तापली की आवरण ओघळे. कारण त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब सुटे दोरे. थंड असताना त्यांचे काही भाग नीट रांगेत बसून स्फटिक बनतात आणि पदार्थ घट्ट राहतो. उष्णतेने स्फटिक मोडले की दोरे एकमेकांवरून घसरतात.

११/ या दोऱ्यांना गाठी मारल्या अणुयुगाने. हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात आर्थर चार्ल्सबी यांनी पॉलिथिन अणुभट्टीतील प्रारणात ठेवले. अमेरिकेत माल्कम डोल यांनीही त्याच सुमारास तसे प्रयोग केले होते. किरणांनी प्लास्टिकचा भुगा होईल, अशीच कोणाचीही समजूत असती. ॲक्रिलिक आणि टेफ्लॉन यांचे तसेच होते. पॉलिथिन मात्र अधिक चिवट झाले. चार्ल्सबी यांचा यावरील महत्त्वाचा शोधनिबंध १९५२ चा.

१२/ झाले होते ते असे. प्रारणाने साखळीवरील हायड्रोजनचे अणू उडवले. रिकाम्या झालेल्या जागा शेजारच्या साखळीतील तशाच जागांशी जोडल्या गेल्या. सुट्या दोऱ्यांचे जाळे तयार झाले. आता हे पॉलिथिन वितळणबिंदूच्या वर तापवले तरी वाहत नाही. ते रबरासारखे होते. ओढले तर ताणते, सोडले तर मूळ आकारात परतते.

१३/ या एका गुणात आपल्या नळीचे सारे गुपित आहे. जाळे बनवलेली नळी तापवा, आतून दाब देऊन दुप्पट-तिप्पट फुगवा आणि तशीच ताणलेली असताना थंड करा. स्फटिक पुन्हा बनतात आणि कुलूप लावावे तसे तिला फुगलेल्या आकारात अडकवून ठेवतात. वर्षानुवर्षे ती तशीच राहते. ग्राहकाने उष्णता दिली की कुलूप वितळते आणि रेणूंचे जाळे तिला जन्मीच्या आकाराकडे ओढून नेते.

१४/ लोखंडी धाव आणि ही नळी यांतील फरक येथे स्पष्ट होतो. धाव आकसते ती अणूंचे कंपन मंदावल्यामुळे, आणि तो बदल तापवून पुन्हा उलटवता येतो. नळी आकसते ती आधी लादलेल्या ताणातून सुटका झाल्यामुळे. एकदा परतली की तिचे काम संपले. तंत्रज्ञ या गुणाला ‘प्लास्टिकची स्मृती’ म्हणतात.

१५/ प्रयोगशाळेतील या नवलाला बाजारात आणणाऱ्यांत पॉल कुक यांचे नाव अग्रभागी आहे. १९५७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात रेकेम या कंपनीची स्थापना केली. अणुभट्टीऐवजी त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला. बटण बंद करताच किरण थांबतात आणि माल किरणोत्सारी होत नाही. विमानांसाठी हलक्या तारा आणि आकसणाऱ्या नळ्या ही त्यांची आरंभीची उत्पादने. स्मृती असलेल्या पदार्थांच्या निर्मितीप्रक्रियेचे अमेरिकन पेटंट कुक यांना १९६३ मध्ये मिळाले.

१६/ महाराष्ट्रातही या विद्येचे ठिकाण आहे. नवी मुंबईत वाशी येथे अणुऊर्जा विभागाच्या संकुलात इलेक्ट्रॉन झोताचा ‘आयएलयू-६’ हा त्वरक बसवलेला आहे आणि पॉलिथिनच्या वस्तूंत असे जाळे विणण्यासाठी त्याचा वापर झालेला आहे. ‘अणुशक्ती’ म्हटले की आपल्याला बाँब किंवा वीज आठवते. घरातील तारेचे आवरण क्वचितच कोणाला आठवते.

१७/ आता जमिनीखाली उतरू. पुरलेल्या पोलादी नळाचा शत्रू म्हणजे गंज. त्यावर जुना उपाय होता कोळशाच्या डांबराचा जाड लेप. पुढे पोलाद तापवून त्यावर इपॉक्सीची भुकटी वितळवण्याची पद्धत आली. १९८० च्या दशकापासून युरोपात तीन थरांचा लेप रूढ झाला : तळाशी पोलादाला धरणारा इपॉक्सी, मध्ये चिकटद्रव्य, वर ओलावा अडवणारे जाड पॉलिथिन. आज भारतातही हा लेप सर्रास दिसतो.

१८/ लेप कारखान्यात होतो, पण वेल्डिंग शेतात. म्हणून साधारण १२ मीटरच्या प्रत्येक नळाची दोन्ही टोके उघडी ठेवतात. सांधा जुळला की वाळूच्या माऱ्याने पोलाद स्वच्छ करायचे, प्राइमर लावायचा, आकसणारी रुंद पट्टी गुंडाळायची आणि गॅसच्या ज्योतीने मधून कडेकडे शेकत न्यायची. आतील चिकटद्रव्य वितळून काठातून बाहेर डोकावले की काम नीट झाले, असे कामगार समजतो. शेकडो किलोमीटरच्या वाहिनीचे भवितव्य अशा हजारो सांध्यांवर आणि उन्हातान्हात ज्योत फिरवणाऱ्या हातांवर असते.

१९/ गंजाविरुद्ध दुसरी फळीही असते. नळाला बाहेरून किंचित ऋण विद्युतदाब दिला की लेपात भोक पडले तरी पोलाद गंजत नाही. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्यासाठी मांडलेले हे तत्त्व अमेरिकेत रॉबर्ट कुन यांनी १९२८ मध्ये वायुवाहिन्यांना लावले. लेप आणि वीज मिळून नळ वाचवतात. मात्र त्यासाठी वीज पोलादापर्यंत पोहोचली पाहिजे. ही अट लक्षात ठेवा.

२०/ कॅनडात अनेक वाहिन्यांना पॉलिथिनची चिकट पट्टी गुंडाळली होती. वेल्डच्या उंचवट्यावर ती तंबूसारखी उचलली जाई आणि खाली पाणी साचे. रडारच्या काळात ज्या गुणासाठी पॉलिथिनला डोक्यावर घेतले, तोच येथे उलटला. ते इतके उत्तम विद्युतरोधक होते, की संरक्षक वीज त्या पाण्यापर्यंत पोहोचेना. वरून सारे ठीक दिसे आणि आत पोलादाला तडे जात. १९८५ पासून दुर्घटना घडू लागल्या. १९९५-९६ मध्ये तेथील ऊर्जा मंडळाला जाहीर चौकशी करावी लागली.

२१/ १९ मे २०१५ रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक तेलवाहिनी फुटली. एक लाख गॅलनहून अधिक कच्चे तेल सांडले आणि त्यातील काही समुद्रात गेले. या नळावर डांबरी लेप, त्यावर उष्णतारोधक फोम आणि त्यावर प्लास्टिकचे वेष्टण होते. ओलावा आत शिरला, वीज मात्र आत जाऊ शकली नाही. काही दिवसांपूर्वीच्या तपासणीत पोलादाची झीज ४७ टक्के दिसली होती. फुटल्यानंतर मोजली, तेव्हा ती ८९ टक्के निघाली.

२२/ दोष पॉलिथिनचा होता का? माझ्या मते नाही. चूक होती ती ‘आवरण आहे म्हणजे संरक्षण आहे’ या समजुतीत. इपॉक्सीचा लेप सुटला तरी सहसा थोडी वीज आत जाऊ देतो, पॉलिथिन देत नाही. म्हणूनच तीन थरांच्या लेपात तळाचा इपॉक्सी आणि सांध्यावरील पट्टीखालचा प्राइमर यांना इतके महत्त्व आहे. झाकणारा थर जितका अभेद्य, तितकी त्याची पकड पक्की हवी.

२३/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण किल्ले, तह आणि सनदा वाचतो. वाचायलाच हव्यात. पण मुंबई-एडन तार, पोलंडवरील आक्रमणाच्या दिवशी सुरू झालेला कारखाना, अणुभट्टीत ठेवलेला प्लास्टिकचा तुकडा आणि शेतातील सांध्यावर फिरणारी गॅसची ज्योत हीही एका सलग इतिहासाची पाने आहेत. ती दप्तरखान्यात कमी आणि जमिनीखाली जास्त सापडतात.

२४/ पुढच्या वेळी चार्जरची तुटकी तार दुरुस्त करताना काळी नळी आकसताना दिसली, तर क्षणभर थांबून पाहा. तुमच्या बोटांत मलायाच्या तोडलेल्या झाडांचा वारस आहे आणि तो आपला जुना आकार आठवून परततो आहे. धागा समाप्त. चुका आढळल्यास अवश्य दाखवाव्यात, दुरुस्ती करीन.