पदर पसरणाऱ्या राण्या

आमच्या पेडण्याच्या बाजूला जत्रेच्या रात्री दशावतार होतो, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मध्यरात्र उलटली की लुगडे नेसलेली नायिका येते. आत पुरुष आहे हे शेंगदाणे खात बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. तरी ती रडली की बायका डोळे पुसतात, आणि गाणे रंगले की माणसे उठून बक्षिसाची नोट देतात. कोणी किती दिले ते माइकवर पुकारले जाते.

हे आठवण्याचे कारण म्हणजे सध्या अमेरिकेतल्या 'ड्रॅग'चा इतिहास वाचतो आहे. ड्रॅग म्हणजे, ढोबळमानाने, पुरुषाने झगमगीत स्त्रीवेष घेऊन केलेला गाण्याचा, नकलांचा, थट्टामस्करीचा खेळ. तिकडे अशा खेळाला जादूचे प्रयोग जोडतात, आणि जमलेला पैसा घराने टाकलेल्या समलिंगी, पारलिंगी मुलांसाठी देतात. आपल्याला वाटते, हे काहीतरी आजकालचे फॅड असणार. पण तसे नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'व्हॉडव्हिल' नावाचे खेळ चालत. एकाच रात्री जादूगार, विदूषक, गायक आणि स्त्रीवेषधारी नट. ज्युलियन एल्टिंज हा त्यातला मोठा नट. त्याच्या नावाचे थिएटर न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली उघडले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९११ साली, इकडे 'मानापमान' रंगभूमीवर आले होते आणि बालगंधर्वांची भामिनी बघायला लोक लोटत होते. फरक एवढाच, की एल्टिंज खेळ संपताना टोप काढून 'मी पुरुष आहे' हे दाखवी. आमच्या नारायणरावांना ती गरज पडली नाही.

पण रंगमंचाच्या बाहेर तोच वेष गुन्हा होता. सॅन फ्रान्सिस्कोत तसा कायदाच होता. 'ब्लॅक कॅट' नावाच्या बारमध्ये होझे सारिया नावाचा माणूस गिऱ्हाइकांना दारू देता देता गाणी म्हणे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन आलेला. शिक्षक व्हायचे होते, पण पोलिसांनी नीतिमत्तेच्या आरोपाखाली पकडल्यावर ती वाट बंद झाली. मग तो रविवारी दुपारी 'कार्मेन'सारख्या ऑपेराची विडंबने करू लागला. पोलीस येत, स्त्रीवेषातल्या पुरुषांना 'फसवण्याचा हेतू' म्हणून पकडत. सारियाने त्यावर तोड काढली. त्याने चिठ्ठ्या वाटल्या, 'मी मुलगा आहे'. कपड्याला लावून फिरा, मग फसवणूक कसली? कारकुनी डोके असलेल्या माणसाला या युक्तीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

१९६१ साली हाच सारिया शहराच्या निवडणुकीला उभा राहिला. हरला, पण साडेपाच हजारांवर मते घेऊन. त्यानंतर काही वर्षांनी त्याला एका नृत्यसमारंभात राणी निवडले, तर म्हणाला, राणी कसली, मी सम्राज्ञी! त्या शहरात शंभर वर्षांपूर्वी नॉर्टन नावाच्या एका विक्षिप्त माणसाने स्वतःला अमेरिकेचा सम्राट जाहीर केले होते. सारियाने स्वतःला त्याची विधवा म्हणवून घेतले. या थट्टेतून 'इम्पीरियल कोर्ट' नावाच्या मंडळांची साखळी उभी राहिली. मुकुट घालायचा, खेळ करायचा, आणि प्रेक्षक हातात देतात त्या नोटा डब्यात टाकून शिष्यवृत्त्यांना, आजाऱ्यांना द्यायच्या. आमच्या मंडपात नाव पुकारतात, तिकडे डबा फिरतो, एवढेच. १९८०च्या दशकात एड्सने माणसे मरू लागली आणि घरचेही शिवेनात, तेव्हा असे खेळ करणाऱ्यांनीच किती तरी ठिकाणी औषधपाण्याला पैसा गोळा केला.

आणि मुलांसाठी? न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा जॉन्सन यांचे नाव घ्यावेच लागेल. १९६९ च्या स्टोनवॉलच्या दंगलीनंतर वर्षभराने त्यांनी रस्त्यावरच्या अशा पोरांसाठी आसरा काढला. आधी एक पडून असलेला ट्रकचा ट्रेलर, मग एक मोडके घर. सिल्व्हिया स्वतः अकराव्या वर्षी घराबाहेर पडलेली. मार्शाला पुढे 'हॉट पीचेस' या ड्रॅग नाटकमंडळीत लोकांनी पाहिले. भाडे भरण्यासाठी या दोघी स्वतः रस्त्यावर उभ्या राहत, पोरांनी उभे राहू नये म्हणून. १९७१ साली ते घर गेले.

पुढे १९९४ मध्ये 'ट्रेव्हर' नावाचा छोटा सिनेमा आला. तेरा वर्षांचा, गाण्यांचा वेडा मुलगा. शाळेत चिडवतात, आणि तो जीव द्यायला निघतो. हे पात्र मुळात सेलेस्ट लेसेन यांच्या एकपात्री प्रयोगातले. सिनेमाला ऑस्कर मिळाले. १९९८ साली टीव्हीवर दाखवायची वेळ आली, तेव्हा शेवटी अशा मुलांसाठी मदतीचा फोन नंबर द्यावा असे ठरले. शोधले, तर चोवीस तास चालणारा देशभरचा असा नंबरच नव्हता! म्हणून 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' काढावे लागले. पुढे २०२२ मध्ये सरकारनेही आपल्या ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध क्रमांकावर या मुलांसाठी वेगळी सोय केली. जुलै २०२५ मध्ये ती बंद केली. ट्रेव्हरचा स्वतःचा फोन मात्र चालू राहिला. म्हणजे पुन्हा मदार देणग्यांवर आणि मदतीच्या खेळांवर.

मदतीचा खेळ आपल्यालाही नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. देशकार्याच्या फंडासाठी भामिनीने पदर पसरला, त्याचा आपल्याला शंभर वर्षांनीही अभिमान आहे. मंगेशीच्या दीनानाथांच्या लतिकेबद्दल बोलताना तर आपला आवाजच बदलतो. पण भामिनीसारखे चालणाऱ्या, बोलणाऱ्या एखाद्या पोरासाठी आपल्याकडे कधी खेळ लावला गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून अशा प्रौढांची सुटका केली, पण कोर्टाचा निकाल घरातल्या ओट्यापर्यंत यायला वेळ लागतो.

आमच्या वाड्यावर एक मुलगा होता. शाळेच्या संमेलनात त्याने द्रौपदी केली, तेव्हा हेडमास्तरांनी पाच रुपये दिले. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तो 'बायल्या'. चिडवणाऱ्यांत मीही होतो. घरी बापाचा मार वेगळा. बारावीनंतर तो गेला, मुंबईला म्हणतात.

गेल्या जत्रेत त्याचा थोरला भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. विचारावे असे दोनदा मनात आले. तेवढ्यात नायिकेचे गाणे संपले, आणि त्याने खिशातून शंभराची नोट काढून पुढे धाडली. माइकवर त्याचे नाव पुकारले.