एक टक्का कमी

१९ वर्षं आधी

२००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या प्रोग्रामरने लाइव्हजर्नल या आपल्या साइटसाठी मेमकॅश्ड नावाचा एक आटोपशीर प्रोग्राम लिहिला. दुखणं नेहमीचंच होतं. साइटवर गर्दी झाली की तोच तोच प्रश्न डेटाबेसला हजारदा विचारला जातो आणि डेटाबेस दरवेळी तो पहिल्यापासून सोडवत बसतो. त्यापेक्षा एकदा मिळालेलं उत्तर सर्व्हरच्या रॅममध्ये ठेवायचं आणि पुढच्याला तिथूनच द्यायचं. तिथे नाहीच सापडलं, तर डेटाबेसकडे जायचं आणि येताना उत्तराची एक प्रत रॅममध्ये टाकायची. क्वेरी कॅश करणं म्हणतात ते हेच. पुढे फेसबुकने ही पद्धत अफाट प्रमाणावर वापरली. स्लॅक हे ऑफिसातल्या गप्पांचं आणि कामाचं ॲपही तिच्यावरच उभं राहिलं.

यातली एक गोष्ट मात्र कुणी ठरवून करत नाही. कॅशमुळे डेटाबेसवरचा भार उतरतो, युजर वाढले तरी नवे डेटाबेस सर्व्हर घ्यावे लागत नाहीत, खर्च वाचला म्हणून सगळे खूश. चार वर्षांनी बघावं तर कॅशशिवाय तो डेटाबेस उभाच राहू शकत नाही. सोयीसाठी लावलेल्या टेकूचा खांब झालेला असतो, पण नकाशात तो अजून टेकूच असतो.

आठवडाभर आधी

फेब्रुवारी २०२२. स्लॅकच्या इंजिनिअरांनी एक नेहमीचं देखभालीचं काम काढलं. कोणते सर्व्हर चालू आहेत आणि कोणते नाहीत याची ताजी यादी ठेवणारं कन्सल नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याचा एक छोटा एजंट प्रत्येक मशीनवर चालतो. ते एजंट नव्या आवृत्तीवर न्यायचे होते. घाई नव्हती, म्हणून एका वेळी २५ टक्के मशीन घ्यायची असं ठरलं. पहिले २५ टक्के झाले, दुसरे २५ टक्के झाले. कुणाला काही जाणवलं नाही. अर्धं काम बिनबोभाट पार पडल्यावर उरलेल्याची धास्ती कोण घेणार?

२२ फेब्रुवारी, मंगळवार : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाट

सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती. लांबलेला वीकेंड संपवून लोक कामावर येऊ लागले होते. पूर्व किनारा तीन तास पुढे, तिथे तर ऑफिसं भरायलाच लागलेली. अशात तिसऱ्या टप्प्याचं काम चालू होतं.

इथे जरा थांबून बघितलं पाहिजे, कारण सगळी मेख इथेच आहे. मेमकॅश्डच्या मशीनवरचा कन्सल एजंट नव्या आवृत्तीसाठी रिस्टार्ट झाला की ते मशीन क्षणभर यादीतून गायब होतं. मशीन धडधाकट असतं, रॅममधली उत्तरंही जागच्या जागी असतात, फक्त यादीत नाव नसतं. यादीवर नजर ठेवणारी दुसरी यंत्रणा लगेच त्याच्या जागी राखीव मशीन उभं करते. राखीव मशीन अर्थातच रिकामं. जुनं मशीन परत आलं की त्यातली उत्तरं शिळी असतील म्हणून तेही पुसून घेतलं जातं. यात चूक कुणाचीच नाही. गेलेल्याच्या जागी दुसरा उभा करणं बरोबर आणि शिळी उत्तरं टाकून देणंही बरोबरच. पण परिणाम असा की एकामागून एक भरलेली मशीन जाऊन त्यांच्या जागी कोरी येत होती.

आता हिशेब. दहा हजार प्रश्नांपैकी ९९ टक्के कॅशमधून सुटत असतील तर डेटाबेसकडे १०० जातात. कॅशचा वाटा ९८ टक्क्यांवर आला की डेटाबेसकडे २०० जातात. डॅशबोर्डवरची रेघ एका टक्क्याने खाली आली, एवढी तर रोज हलते. तिकडे डेटाबेसचं काम दुप्पट झालं. ९० टक्के झाले की १,०००, म्हणजे दसपट. (आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, गणित मात्र खरं आहे.) मॉनिटरवर कॅशचा हिट रेट बघणाऱ्याने खरं तर त्याच्या उलट बाजूचा, चुकलेल्या प्रश्नांचा आलेख बघायला हवा.

सकाळचे ६ : भारतात संध्याकाळचे साडेसात

सहा वाजून गेल्यावर लगेच तक्रारी येऊ लागल्या : स्लॅक उघडत नाही. पुण्या-बंगळुरूत ही अमेरिकेशी बोलायची वेळ.

स्लॅक उघडताना बरंच काही आणावं लागतं. चॅनेल, सेटिंग, आणि तीन-चार जणांनी आपसात केलेल्या ग्रुप मेसेजची यादी. ही शेवटची यादी आणणारी क्वेरी महागडी निघाली. डेटाबेस अनेक तुकड्यांत, म्हणजे शार्डमध्ये, विभागलेला होता आणि विभागणी अशी की या एका प्रश्नासाठी झाडून सगळ्या शार्डांना विचारावं लागे. अशा ग्रुपमधली माणसं बदलत नाहीत, म्हणून उत्तर कॅशमध्ये दीर्घकाळ ठेवलेलं असे आणि क्वेरी क्वचितच चालायची. क्वचित चालते म्हणून तिचा भाव कुणाला कळला नव्हता. आता ती एकदम हजारो लोकांसाठी चालू लागली.

पुढची काही मिनिटं

डेटाबेस गुदमरला. क्वेरी टाइमआउट होऊ लागल्या. आणि टाइमआउट झालेल्या क्वेरीचं उत्तर येत नाही, म्हणजे कॅशमध्येही काही पडत नाही. मग पुढचा युजर आला की त्याचाही प्रश्न थेट डेटाबेसकडे. कॅश भरायला डेटाबेस मोकळा हवा, डेटाबेस मोकळा व्हायला कॅश भरलेली हवी. एव्हाना कन्सलचं काम थांबवलं असतं तरी हे चक्र आपलं आपण फिरत राहिलं असतं.

हे असं होऊ शकतं हे तोवर माहीत झालेलं होतं. २३ सप्टेंबर २०१० ला फेसबुकची एक कॉन्फिगरेशन व्हॅल्यू बिघडली. ती दुरुस्त करायला प्रत्येक सर्व्हर डेटाबेसकडे धावला, दर सेकंदाला लाखो क्वेरी आदळल्या. डेटाबेसकडून एरर आली की सर्व्हर तिलाही चुकीची व्हॅल्यू समजून कॅशमधली नोंद पुसून टाके. मूळ चूक सुधारली तरी लोंढा थांबेना, आणि शेवटी फेसबुकने साइटच बंद केली. जवळपास अडीच तास. २०२१ साली संशोधकांनी असल्या बिघाडांना ‘मेटास्टेबल फेल्युअर’ असं नावही दिलं : कारण निघून जातं, बिघाड मागे राहतो.

साडेसहानंतर

स्लॅकच्या लोकांना डेटाबेसवर भार आलाय हे दिसत होतं. का आलाय, ते लगेच कळत नव्हतं. नवा कोड गेलेला नव्हता. देखभालीच्या कामाकडे बोट दाखवावं तर आधीचे दोन टप्पे निर्धोक गेलेले.

कारण सापडेपर्यंत थांबून चालणार नव्हतं. त्यांनी दारात माणसं अडवली, म्हणजे ॲप नव्याने उघडणाऱ्यांची संख्या मुद्दाम कमी केली. ज्यांचं स्लॅक आधीच उघडं होतं त्यांचं काम बरं चालू लागलं, बाहेर राहिलेल्यांना काहीच मिळेना. निर्णय कडू होता, पण सगळ्यांना आत घेऊन कुणालाच काही न देण्यापेक्षा शहाणपणाचा.

भार उतरल्यावर दार थोडं उघडलं, पण ते लवकर झालं. कॅश अजून पुरती भरली नव्हती, डेटाबेस पुन्हा वाकला, मर्यादा पुन्हा खाली आणावी लागली. मला वाटतं, त्या सकाळचा सगळ्यात अवघड भाग हाच असणार. बाहेरून ओरड चालू, आलेख सुधारलेला दिसतोय, आणि तरी हात आखडता ठेवायचा.

दरम्यान क्वेरीही बदलली. आधी यादीतलं काही थोडं कॅशमध्ये सापडलं नाही तरी अख्खी यादी डेटाबेसकडून मागवली जायची. आता कॅशमध्ये नसेल तेवढंच मागवायचं असं केलं.

९ च्या पुढे

मर्यादा थोडी वाढवायची, आलेख बघायचा, पुन्हा थोडी वाढवायची, असं चालू राहिलं. जो आत येई त्याच्या यादीची प्रत कॅशमध्ये पडे आणि मागून येणाऱ्यांसाठी डेटाबेस तेवढा मोकळा होई. साधारण तीन तासांनी बहुतेकांचं स्लॅक पूर्ववत झालं. भारतात तोवर रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते.